बूस्ट चढला की कूलंट उसळते, कॉम्प्रेशन मात्र ठीक

प्रश्न : माझ्या गाडीला चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. वर्षभरापूर्वी मी ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्यातल्या आकड्यांत बदल, करून बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवून घेतला. अलीकडे लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कूलंटच्या टाकीतील पातळी वर येते, झाकणातून थोडे कूलंट बाहेर पडते आणि तापमानाचा काटाही किंचित वर सरकतो. सपाट रस्त्यावर सारे सुरळीत असते. पांढरा धूर नाही, ऑइल स्वच्छ आहे आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे आले. एक मेकॅनिक म्हणतात की टाकीचे झाकण बदला. दुसरे म्हणतात की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) उडाले आहे, हेड उतरवावेच लागेल. खरे कोणाचे मानावे? गॅस्केट बदलले तर ते पुन्हा उडू नये म्हणून काय करावे? आणि तोवर गाडी चालवावी का?

उत्तर : तुमचे वर्णन वाचून मला दुसऱ्या मेकॅनिकचे निदान बरोबर असण्याची शक्यता अधिक वाटते, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय अर्धाच आहे. टर्बो इंजिनातले गॅस्केट स्वतःच्या दोषाने क्वचितच जाते. बहुतेक वेळा त्याच्यावर त्याच्या ताकदीबाहेरचा दाब किंवा उष्णता आलेली असते, आणि ती कुठून आली हे न पाहता नवे गॅस्केट बसवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. म्हणून आधी गळती सिद्ध करावी, मग तिचे कारण शोधावे आणि त्यानंतरच पाना हातात घ्यावा.

कॉम्प्रेशन ठीक असूनही गॅस्केट गेलेले कसे असू शकते, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करून पाहू. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. टर्बो पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर ज्वलनाचा कमाल दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे प्रत्येक स्फोटागणिक हेडला वर ढकलणारे बल सुमारे पाच टनांचे असते. हेडचे बोल्ट या बलापेक्षा बरेच अधिक बल लावून गॅस्केट दाबून धरतात आणि त्या फरकावरच सारी सीलबंदी अवलंबून असते. बूस्ट वाढवला की हा फरक कमी होतो, आणि एखाद्या क्षणी दाबाने मर्यादा ओलांडली की हेड केसाच्या जाडीहूनही कमी अंतराने उचलले जाते, ज्वलनाचा वायू जवळच्या कूलंटच्या मार्गात घुसतो आणि दाब उतरताच फट पुन्हा मिटते. कॉम्प्रेशन तपासताना मात्र इंजिन फक्त स्टार्टरवर फिरत असते आणि सिलिंडरमधला दाब १० ते १४ बारच्या घरात असतो. प्रत्यक्ष दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर घेतलेल्या या परीक्षेत तुमचे इंजिन उत्तीर्ण झाले, एवढाच त्या सारख्या आकड्यांचा अर्थ आहे. त्यावरून गॅस्केट निर्दोष ठरत नाही.

पांढरा धूर का नाही, याचेही उत्तर यातच आहे. इंजिन चालू असताना, निदान भार असताना, सिलिंडरमधला दाब कूलंटच्या दाबापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, त्यामुळे अशा सुरुवातीच्या गळतीत वायू कूलंटमध्ये जातो, पण कूलंट सिलिंडरमध्ये सहसा येत नाही. प्रवाह उलटण्याची वेळ येते ती इंजिन बंद केल्यानंतर, जेव्हा सिलिंडर रिकामा असतो आणि कूलंटच्या नळ्यांमध्ये दाब अजून शिल्लक असतो. तेव्हा एक गोष्ट मुद्दाम पाहा : सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन काही सेकंद एका सिलिंडरवर मिसिंग मारते का, आणि त्या क्षणी सायलेन्सरमधून पांढुरका, गोडसर वासाचा धूर येतो का? तसे होत असेल तर फट आता कायमची झाली आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आता तपासणीकडे वळू. पहिली परीक्षा फुकटची आहे. गाडी चढावर दमवून आणावी, रात्रभर पूर्ण थंड होऊ द्यावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून पाहावा. कूलंट तापल्यामुळे वाढलेला दाब थंड झाल्यावर उतरलाच पाहिजे. होज अजूनही टणक असेल आणि झाकण सैल करताच फुस्स आवाज येत असेल, तर आत असा वायू अडकला आहे जो थंड होऊनही आकसून नाहीसा झालेला नाही. हे सर्व थंड इंजिनावरच करावे. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही द्रव राहते आणि झाकण उघडताच त्याची वाफ होऊन ते अंगावर उसळते.

दुसरी परीक्षा रासायनिक आहे. टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी बसवून तिच्यातल्या निळ्या द्रवातून टाकीतील हवा ओढली जाते. त्या हवेत ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो. ही परीक्षा चांगली आहे, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या वेळी केली जाते. गाडी उभी, इंजिन आयडलवर, मेकॅनिक दोन मिनिटे पंप दाबतो आणि रंग बदलला नाही म्हणून निर्वाळा देतो. तुमची गळती बूस्टवरच होते, तर आयडलवर ती सापडणार कशी? गाडी चढावर पूर्ण भाराने चालवून आणल्यानंतर इंजिन थंड होईपर्यंत झाकण उघडू नये, आणि नंतर टाकीत साठलेली तीच हवा तपासावी. द्रवात कूलंटचा थेंब ओढला गेला तर निकाल बिघडतो, म्हणून परीक्षेआधी टाकीतील पातळी थोडी कमी करून घ्यावी. ज्यांचे इंजिन डिझेलवर चालते त्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की डिझेल इंजिन कमी भारावर भरपूर जादा हवा घेऊन चालते, धुरातला कार्बन डायऑक्साइड विरळ असतो, आणि त्यामुळे तिथे भारानंतरच तपासण्याची गरज आणखीच वाढते.

तुमच्या बाबतीत सर्वांत बोलकी ठरेल ती तिसरी परीक्षा, आणि ती फारसे कोणी करत नाही याचे मला नवल वाटते. कूलंटच्या एखाद्या नळीत जोड बसवून दाबमापक लावावा, त्याची नळी डॅशबोर्डपर्यंत आणावी आणि दुसऱ्या कोणाला शेजारी बसवून त्याच चढावर गाडी न्यावी. निरोगी इंजिनात कूलंटचा दाब तापमानाबरोबर सावकाश वाढतो आणि एका पातळीवर स्थिरावतो. तापमान स्थिर असताना बूस्ट चढताच दाबाचा काटा झटका देऊन वर गेला आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तो पूर्ण खाली आला नाही, तर वायू आत शिरतो आहे हे निश्चित. कोणत्या सिलिंडरमधून शिरतो, हे लीकडाउन परीक्षेने कळू शकते. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ७ बारची हवा सोडावी आणि टाकीत बुडबुडे येतात का ते पाहावे. अर्थात ७ बार म्हणजे १०० बार नव्हेत, त्यामुळे बुडबुडे आले तर पुरावा मिळाला, न आले तर प्रश्न तिथेच राहिला. याच वेळी स्पार्क प्लगच्या छिद्रातून एंडोस्कोप घालून पिस्टनचे माथे पाहून घ्यावेत. तीन माथे काजळलेले आणि एक वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जाते आहे.

पहिल्या मेकॅनिकचे म्हणणेही झटकून टाकू नये. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली असेल तर कूलंट ठरलेल्या दाबाआधीच बाहेर पडते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलेले कूलंट उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर १ बार दाबाच्या झाकणाखाली तोच आकडा १२५ अंशांच्या पुढे जातो. झाकण दाब धरत नसेल तर निरोगी इंजिनसुद्धा चढावर कूलंट उकळवून ओकेल. झाकण हातपंपावर तपासायला पाच मिनिटे लागतात. ते आधी करावे. त्याचबरोबर इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) आणि रेडिएटर यांच्यामधली जागा पाहावी. टर्बो गाड्यांमध्ये इंटरकूलर बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोन्हींच्या फटीत धूळ, किडे आणि पाने यांचा थर साचतो, जो समोरून पाहिल्यास दिसतही नाही. आणखी एक फसवी खूण म्हणजे इंजिन बंद केल्यावर टाकीत येणारे बुडबुडे. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोच्या मधल्या भागात साठलेली उष्णता तिथले कूलंट उकळवते, तेव्हा बंद केल्यानंतरच्या मिनिटांत थोडी खळखळ होणे नवलाचे नाही. इंजिन चालू असताना येणारे बुडबुडे मात्र गंभीर मानावेत. कूलंटमध्ये ऑइलचा तवंग दिसला तर हेड उतरवण्यापूर्वी ऑइल कूलर तपासावा, आणि डिझेलमध्ये कूलंट कुठेही न सांडता कमी होत असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग). हे दोन्ही भाग गॅस्केटच्या नावावर पुष्कळदा सुटून जातात.

तापमानाच्या काट्याविषयीही सांगायला हवे. अनेक गाड्यांमध्ये तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. प्रत्यक्ष तापमान बऱ्याच अंशांनी खालीवर झाले तरी तो मध्यावरच राहतो, म्हणजे चालक विनाकारण घाबरत नाही. तुमचा काटा हललेला तुम्हाला दिसला, याचाच अर्थ आतले तापमान बरेच वाढले असणार. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडण्याच्या जागी) स्कॅनर लावून खरा आकडा पाहावा. कूलंट इतके कमी झाले की सेन्सर उघडा पडला, तर हाच आकडा इंजिन जळत असतानाही कमी दिसतो, हेही लक्षात असू द्यावे.

आता कारणाकडे. तुमच्या इंजिनात रीमॅपिंग झाले आहे आणि माझा पहिला संशय नॉकिंगवर आहे. नुसता वाढीव बूस्ट गॅस्केटला जितका त्रास देत नाही तितका नॉकिंग देते, कारण त्यात उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटते आणि दाबाची जी तीक्ष्ण उसळी येते ती गॅस्केटच्या सिलिंडरभोवतालच्या कड्यावर हातोड्यासारखी आदळते. असे शेकडो आघात झाले की कडे थकते. नॉकिंगची कारणे अनेक असतात. रीमॅप उच्च ऑक्टेनच्या (नॉकिंगला सहज दाद न देणाऱ्या) इंधनासाठी केलेला आणि गाडीत साधे पेट्रोल. इंटरकूलर अपुरा पडल्यामुळे गरम हवा. बूस्टच्या मानाने जास्त उष्ण श्रेणीचे स्पार्क प्लग. पिस्टनवर साचलेला कार्बन. इंधनाचा दाब कमी पडून पातळ झालेले मिश्रण. तुमच्या कानांवर विसंबू नका, बंद काचांच्या आत नॉकिंग ऐकू येतेच असे नाही. रीमॅप करणाऱ्याकडून चढावरची नोंद काढून घ्या आणि तिच्यात तीन गोष्टी पाहा : ईसीयूने नॉकिंगमुळे इग्निशन किती अंशांनी मागे घेतले, आत येणाऱ्या हवेचे तापमान किती होते, आणि मागितलेला बूस्ट व मिळालेला बूस्ट यांत किती अंतर होते. मिळालेला बूस्ट मागितलेल्यापेक्षा सतत वर जात असेल तर वेस्टगेट (बूस्टला लगाम घालणारी झडप) अडकते आहे किंवा तिच्याकडे जाणारी नळी फुटली आहे, आणि मग दोष रीमॅपचा नसून एका रबरी नळीचा असू शकतो.

चालवण्याच्या सवयीचाही भाग आहे. लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते. त्याने पिस्टनही तुटतात. याच अडचणीची चाचणी अंतर्भूत करून २०२० मध्ये इंजिन ऑइलची एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी ही श्रेणी आली, तेव्हा निर्मात्याने मान्य केलेले त्या श्रेणीचे ऑइल वापरावे आणि चढावर एक गिअर खाली घेण्यात कमीपणा मानू नये.

दुसरे मोठे कारण उष्णता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले तर सुमारे ०.७ मिलिमीटरने वाढते आणि त्याखालचा लोखंडी ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच. हा फरक प्रत्येक वेळी गॅस्केटवर घासून सोसला जातो. म्हणून थंड इंजिनावर बूस्ट देऊ नये. काटा मध्यावर आल्यानंतरही ऑइल गरम व्हायला आणखी काही मिनिटे लागतात. एकदा जरी इंजिन जास्त तापले असेल तर हेड वाकलेले असू शकते, आणि पुढे झाकण, थर्मोस्टॅट, पंप काहीही बदलले तरी ते सरळ होत नाही.

हेड उतरवावे लागले तर मेकॅनिकला पहिली विनंती ही करा की जुने गॅस्केट फेकू नये. त्यावर सारा इतिहास लिहिलेला असतो. सिलिंडरभोवतीचे कडे एका बाजूला बाहेर ढकललेले किंवा तुटलेले असेल तर दाब आणि नॉकिंग. कड्यापासून पाण्याच्या छिद्रापर्यंत काजळीचा पट्टा असेल तर वायूची वाट तीच. पाण्याच्या छिद्रांभोवती धातू कुरतडलेला असेल तर वर्षानुवर्षे न बदललेले कूलंट. आणि कुठेही तुटफूट नसताना दाबाचा ठसा एखाद्या भागात पुसट असेल तर तिथे बोल्टचा ताण कमी पडला किंवा पृष्ठभाग वाकलेला होता. हेडवर चिरा आहेत का, हे दाबाखाली तपासूनच घ्यावे, कारण व्हॉल्व्हच्या बैठकींमधली चीर हुबेहूब गॅस्केटसारखीच लक्षणे दाखवते.

जोडणीत सर्वांत जास्त चुका पृष्ठभागाच्या आणि बोल्टच्या होतात. सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून हेड आणि ब्लॉक दोन्ही तपासावेत. मर्यादा निर्मात्याची पाहावी, पण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर मी फेसिंग (पृष्ठभाग मशीनवर कापून सपाट करणे) करून घ्यायला सांगेन. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांच्या गॅस्केटला फार गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. मशीन शॉपला गॅस्केट कोणते ते सांगावे, आणि जागेवरच ड्रिलला घासणीची चकती लावून पृष्ठभाग 'साफ' करू देऊ नये. त्याने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि चकतीची पूड ऑइलमधून बेअरिंगांत जाते. फेसिंगमध्ये जितके हेड कापले जाईल तितके कॉम्प्रेशन वाढते, म्हणजे नॉकिंगची शक्यताही वाढते, तेव्हा गरजेपुरतेच कापावे. डिझेल हेडचे फेसिंग पुष्कळ निर्माते मान्यच करत नाहीत, आणि तिथे गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून, कडेवरच्या खाचा किंवा छिद्रे पाहून निवडावी लागते.

बोल्ट नवेच घ्यावेत. ताणून बसवण्याच्या जातीचे बोल्ट एकदा वापरले की कायमचे लांबलेले असतात. पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी साधारण एक दशांशच दाबून धरण्याच्या कामी येतो, उरलेला डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून आटे स्वच्छ हवेत आणि निर्मात्याने सांगितलेलेच वंगण सांगितलेल्या जागीच लावावे. ब्लॉकमधल्या बोल्टच्या बंद छिद्रांत ऑइल किंवा कूलंट राहिले तर बोल्ट कसताना त्या द्रवाचा दाब ब्लॉकला चीर पाडू शकतो. बूस्ट कमी करायचा नसेल तर जास्त ताण घेणारे स्टड (बोल्टऐवजी ब्लॉकमध्ये बसवायचे आटेदार दांडे) हा खरा उपाय आहे, पण नॉकिंग थांबवल्याशिवाय स्टड बसवले तर आघात गॅस्केटऐवजी पिस्टन सोसतील. जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवण्याचा सल्ला मिळाला तर मी तो घेणार नाही. पिस्टन आणि हेड यांच्यामधली अरुंद फट वाढली की ज्वलनातली घुसळण मंदावते आणि नॉकिंग उलट वाढू शकते. कूलंटमध्ये टाकायची गळती बुजवणारी औषधे तर मुळीच वापरू नयेत. ज्वलनाच्या दाबापुढे ती टिकत नाहीत आणि रेडिएटर, हीटर व टर्बोच्या बारीक वाटा मात्र बुजवतात.

राहिला तिसरा प्रश्न. परीक्षा होईपर्यंत गाडी न्यावीच लागली तर बूस्ट चढू न देता, सपाट रस्त्याने, कमी अंतर न्यावी. रीमॅप करणाऱ्याकडून मूळ मॅप परत घालून घेता आला तर तो आजच घालावा. रोज सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी आणि ऑइलची डिपस्टिक पाहावी. लहान फेऱ्यांत ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस बाष्पामुळेही येतो, पण डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ झाले तर इंजिन पुन्हा सुरू करू नये, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला फक्त ऑइलच्या पातळ थराचा आधार असतो. आणि एखाद्या सकाळी स्टार्टर अर्धवट फिरून अडकला, तर पुन्हा किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साठलेले असू शकते आणि द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी स्पार्क प्लग काढून, छिद्रांपासून बाजूला उभे राहून इंजिन हाताने फिरवावे, पाणी बाहेर येते का ते पाहावे आणि गाडी टोइंग करून न्यावी.